एकाच रंगाच्या तारा

६ जानेवारी १९९२, तीन राजांचा दिवस

लुदेक,

प्रभूचे नाव घेऊन लिहायला बसले आहे. पत्ता तुझ्या धर्ममातेकडून मिळवला. ती देत नव्हती. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या स्वयंपाकघरात कोट न काढता दीड तास बसून राहिले, पत्ता दिला नसता तर तिला मला जेवायला तरी वाढावे लागले असते.

तुझ्या बाबांच्या घशात गाठ आहे. आजाराचे नाव तूच समज, मला लिहवत नाही. आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. शहरातल्या इस्पितळात किरण द्यायचे ठरले आहे, दहा फेब्रुवारीपासून सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. ठेवून घ्यायला खाट नाही. रोज न्यायचे आणि रोज आणायचे, एका बाजूने अडतीस किलोमीटर. आपल्याकडची सकाळची बस नोव्हेंबरपासून बंद आहे. दुपारची जाते, पण तिने गेलेला माणूस त्या दिवशी परत येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एखादा दिवस चुकला तर चालेल, आठवडा चुकला तर सगळे फुकट.

म्हणून गाडी. ती त्या ऑक्टोबरपासून कोठारात उभी आहे. इंजिन चांगले आहे असे मिस्त्री म्हणतो. पण वायरिंग बघून तो हसलाच. म्हणाला, "बाई, सगळ्या तारा राखाडी. ज्याने जोडल्या त्याला बोलवा, नाहीतर कोंबड्या ठेवा हिच्यात." मी त्याला सांगितले की तेव्हा दुकानात तार मिळत नव्हती, तू टेलिफोनवाल्यांकडून ते एकच रीळ आणले होतेस आणि त्या दिवशी आम्ही सगळे किती खूश होतो.

कोणती तार कुठे जाते हे तुलाच ठाऊक. तेवढे लिहून पाठव. घरी ये असे म्हणत नाही. मी मॅट्रिक आहे, लिहिलेले वाचून करता येईल. मी लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. बाकी त्यांची तब्येत बरी आहे.

आई


२० जानेवारी

लुदेक,

तुझा कागद चार दिवसांपूर्वी आला. वर माझे नाव नाही, खाली तुझे नाही, मध्ये एकवीस तारा. मिळाला हे खूप आहे. तू लिहिलेस तसे आधी बॅटरीची तार काढली. मग अंड्यांच्या हिशोबाच्या वहीत रकाने पाडले: नंबर, कुठून, कुठे, जिवंत की मेली. तू सांगितल्याप्रमाणे बल्बला दोन तारा जोडून तपासते. बल्ब लागला की बरोबरची खूण. आतापर्यंत नऊ खुणा झाल्या.

स्टिअरिंगखाली डोके घालायचे तर पाठ सीटवर आणि पाय दाराबाहेर. साठाव्या वर्षी ही बसण्याची रीत नव्हे. मादेय कुंपणापलीकडून ओरडला, "स्तेफा, गाडीने तुला गिळलं की तू गाडीला?" मी म्हटले, "तू ये, तुला ती काही गिळणार नाही, दारूचा वास येतो."

बाबा झोपले की मी कोठारात जायची. तिसऱ्या दिवशी बघते तर बाबा दूध काढायचे स्टूल ओढत दारात उभे, अंगावर दोन घोंगड्या.

"कुणाचं अक्षर आहे?"

"मिस्त्रीचं."

"मिस्त्रीला स्वतःची सही येत नाही."

मी गाडीखाली शिरायचे निमित्त शोधत होते. त्यांनी कागद घेतला आणि उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ वाचला. एकवीस तारा वाचायला तेवढा वेळ लागत नाही. मग घडी घालून परत दिला. "बारा नंबर चुकलाय. ती तार मागे जाते."

मी बल्ब लावून बघितले. तुझेच बरोबर होते. त्यांना सांगितले नाही.

एक अडचण आहे. फ्यूजची पेटी आतून हिरवी झाली आहे आणि तारांची टोके हात लावला की तुटतात. पेटीवर थोडा कचरा होता तो मी काढला. उंदरांचे काम असावे. व्हिनेगरने घासून घेते आहे.

आई


२९ जानेवारी

लुदेक,

आज तुला न आवडणारे लिहायचे आहे. फ्यूजला चांदीचा कागद लावू नकोस असे तू दोनदा अधोरेखित केले होतेस. मी लावला.

कारण असे की फ्यूज संपले. किल्ली फिरवली की जातोच. सहा गेले, आठ गेले, दुकानात होते तेवढे आणले तेही गेले. बाबा स्टुलावरून म्हणाले, "युद्धानंतर आम्ही चॉकलेटच्या कागदावर अख्खी गिरणी चालवली." मी म्हटले, "आणि मग ती गिरणी कुठे आहे?" ते म्हणाले, "जळली. पण ती नंतर." हसायला गेले आणि खोकला लागला तो थांबेना. मी पाणी आणायला धावले, आणि परत येऊन, त्यांना बरे वाटावे म्हणून की काय कोण जाणे, कागद गुंडाळून लावला.

चारेक सेकंद दिवे लागले. समोरची भिंत, दाव्याचे खिळे, सगळे दिसले. मग तोच वास आला. लुदेक, तोच वास. बाबा एवढे आजारी, पण माझ्याआधी उठले आणि बॅटरीची तार उपटली. उजव्या हाताने, ज्याच्यावर तेव्हाचा डाग आहे त्याच हाताने. त्या दिवसाचे नाव चार वर्षे या घरात कुणी घेतलेले नाही. ते बाजारातून येत होते, डॅशबोर्डखालून धूर आला, हात भाजला आणि घरात येऊन तुला जे म्हणाले ते तू विसरला नसशील. मीही नाही. मी तेव्हा बटाटे सोलत होते. तू बॅग भरलीस, दार उघडलेस, मी सोलतच होते. टोपले भरले होते तरी सोलत होते.

बारा दिवस उरले आहेत. पाच तारांना अजून खूण नाही. इंजिन फिरते, धरत नाही.

आई


५ फेब्रुवारी, संत आगाताचा दिवस

लुदेक,

तुझे पत्र परवा आले. तू एवढेच विचारतोस: "पेटीवर पाणी कुठून आलं? तिथं वर छप्पर शाबूत आहे. आणि उंदीर हिरवं करत नाहीत."

आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेला, प्रार्थनेला गेले होते. सगळ्या बाया पुरचुंडीत भाकरी आणि मीठ घेऊन आशीर्वादासाठी उभ्या होत्या. मी दरवर्षी नेते. या वर्षी माझ्या हातात काही नव्हते आणि मादेयची सून कानात म्हणाली, "काकू, मीठ विसरलात? घर जाळायचंय का?" मी म्हटले, "यंदा नको." मिस्सा संपेपर्यंत उभे राहवले नाही.

पाणी मिठातून आले. ते मीठ मी ठेवले.

त्याच वर्षी, म्हणजे सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत. तू गाडीचे वायरिंग नुकतेच केले होतेस आणि मला त्या तारांची भीती वाटायची. चर्चमधून आलेले आगाताचे मीठ आपण घराच्या आढ्यात ठेवतो, गोठ्यात ठेवतो, आग लागू नये म्हणून. मी मूठभर मीठ फडक्यात बांधले आणि डॅशबोर्डच्या मागे, हात पोचेल तितके आत खुपसले. कुणाला सांगितले नाही, कारण तू हसला असतास. उन्हाळाभर ते कोरडे राहिले असेल. मग सप्टेंबरचा पाऊस आणि ऑक्टोबरचे धुके. मीठ हवेतले पाणी पिते हे मी रोज मिठाच्या बरणीत बघते, लुदेक, रोज, आणि एकदाही माझ्या डोक्यात आले नाही. फडके खालच्या फ्यूजच्या पेटीवर ठिबकत राहिले. ज्या आगीसाठी तुला घराबाहेर काढले ती मी लावली होती.

फडके मला अठरा जानेवारीलाच सापडले. सुकून दगड झालेले, हिरवे. वीस तारखेच्या पत्रात कचरा म्हटला तो हाच. उंदरांवर घातले. ते पत्र पेटीत टाकून घरी आले आणि नीट जेवलेही, हे सुद्धा लिहून टाकते.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादर म्हणाले, मिठाचा दोष नाही, संताचाही नाही. आणि ज्याचे नुकसान केले त्याला आधी सांग, मग माझ्याकडे ये. म्हणून तुला आधी.

बाबांना कसे सांगू? किरण सुरू व्हायला पाच दिवस आहेत. सांगितले तर त्यांचे काय होईल, आणि नाही सांगितले आणि ते गेले तर? तू मला काही लिहू नकोस हवे तर. पण त्यांच्यासाठी गाडी चालू होऊ दे. मला हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

आई


१४ फेब्रुवारी

लुदेक,

गाडी चालू झाली नाही.

सोमवारी मादेयने नेले. मंगळवारी नेले. बुधवारी त्याच्या गाडीतले पाणी उकळत होते की काय, तो म्हणाला आज जमत नाही. गुरुवारी मी दुधाच्या ट्रकवाल्याला थांबवले. तो एकच माणूस घेतो, म्हणून बाबा एकटे गेले. परत यायला काही मिळाले नाही. अर्धी वाट चालत आणि अर्धी कुणा अनोळखी माणसाच्या ट्रॉलीत, संध्याकाळी अंधार पडल्यावर आले. गालांवर दव गोठले होते. मी बूट काढत होते तर म्हणाले, "स्तेफा, पुरे. मरायला घर बरं आहे." मी म्हटले, "मरायला तुला कुणी विचारलं नाही." पण आज ते उठलेच नाहीत. आजचा दिवस गेला. म्हणजे पाचातले दोन गेले.

वहीतल्या एकवीसपैकी अठरा तारांना खूण आहे. मी सगळे तपासले. मग पुन्हा तपासले. ज्या तारेत काल बल्ब लागला त्यात आज लागत नाही. मीठ तारेच्या आत शिरले आहे, कातडी वरून चांगली आणि आत तांबे काळे. एक तुकडा कापते, पुढेही काळे. अजून कापते, अजून काळे. आज मी तिथे गाडीत पडल्या पडल्या रडले, आणि बाहेर काढायला कुणी नव्हते म्हणून स्वतःच बाहेर आले.

देवाला काय मागायचे हे मला आता कळत नाही. एरवी मी सगळे यादी करून मागते.

मादेय सोमवारी बघतो म्हणाला. बघतो म्हणाला, नेतो म्हणाला नाही.

आई


२ मार्च

लुदेक,

खोके अठरा तारखेला आले. पोस्टातल्या मुलीने विचारले, "काकू, ऑस्ट्रियाहून कॉफी का?" मी हो म्हटले.

फ्यूजची नवी पेटी, आणि तारा सहा रंगांच्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी, काळी, पांढरी. प्रत्येक तार मोजून कापलेली, दोन्ही टोकांना पितळी पत्ती बसवलेली आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. पत्र नव्हते. मी खोके उलटे करून झटकले. तळाच्या काळ्या तारेच्या चिठ्ठीवर लिहिले होते: "आई, ही सगळ्यात शेवटी."

त्या चिठ्ठीतला पहिला शब्द मी किती वेळा वाचला ते लिहीत नाही.

दोन दिवस लागले. बाबा स्टुलावर, मांडीवर खोके. मी म्हणायची "पिवळी, लांब", ते द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी काळी तार लावली. इंजिन खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि धरले. बाबा म्हणाले, "माझ्यासारखंच सुरू होतं." एकवीस फेब्रुवारीपासून एकही दिवस चुकलेला नाही. आधीचे मिळून चार दिवस चुकले. डॉक्टरीणबाईंनी ते शेवटी वाढवून दिले.

गाडी कोण चालवतो हे तू विचारशील. पहिला आठवडा बाबांनी चालवली. मग त्यांना चक्कर येऊ लागली. परवाना त्यांच्या खिशात असतो आणि ते माझ्या शेजारी असतात. मी जन्मभर ट्रॅक्टर चालवला आहे. याहून अधिक विचारू नकोस.

शुक्रवारी त्यांना सांगितले. मुद्दाम गाडीत, टेकडीच्या चढावर, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले आणि त्यांना उठून जाता येत नाही. मीठ, फडके, सगळे. मी रस्त्याकडे बघत बोलले.

ते म्हणाले, "खिडकी खाली कर."

केली. गार वारा आत आला.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"जानेवारीपासून."

मग इस्पितळ येईपर्यंत काही नाही. परत येताना काही नाही. शनिवारी नाही, रविवारी सकाळी नाही. मला वाटले आता हेच. काल मिस्सेहून आलो, कोट काढता काढता भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला लिहिलंस?"

"लिहिलं."

"माझ्याआधी?"

"हो."

"बरं केलंस."

आणि कोट खुंटीवर लावायला गेले तर खुंटी चुकली. कोट खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही, मीही नाही. तिथेच थोडा वेळ राहिला.

आई


२८ मार्च

लुदेक,

किरण परवा संपले. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर ओसरीत बोलावले. गाठ कमी झालेली नाही. मी विचारले, उन्हाळ्यापर्यंत? त्या म्हणाल्या, उन्हाळ्याचे काही ठरवू नका. मी विचारले, ईस्टरपर्यंत? त्यांनी माझा हात धरला. ईस्टर एकोणीस एप्रिलला आहे. बाबांना मी म्हटले, बाई म्हणाल्या वाट बघू या. ते म्हणाले, "बायकांना वाट बघायला आवडतं." मला वाटते त्यांना सगळे कळले आहे.

आता खरे काम लिहिते. काल दुपारी मी पीठ मळत होते, तर ते आत आले, पायात बूट. म्हणाले, "डावा दिवा गेला."

"कुठला?"

"गाडीचा. पुढचा डावा. लागत नाही. लिही त्याला."

"परवापर्यंत तर लागत होता. बघते मी."

"तू नको बघूस. तुला नाही जमायचं."

"अख्खी गाडी मी जोडली, वित्सेक."

"दिवा निराळा असतो," ते म्हणाले. "त्याला लिही की दिवा गेला. म्हणावं, बाबांनी सांगितलंय. म्हणावं, दुसऱ्या कुणाला नाही जमत."

एवढे बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. ते झोपल्यावर मी कोठारात गेले. दिव्याच्या मागची तार सुटलेली होती. आपोआप सुटत नाही ती, पत्ती तू घट्ट बसवलेली आहेस. शेजारी त्यांची लोकरीची टोपी पडली होती. जिना चढायला ज्यांना पंधरा मिनिटे लागतात ते अंगणातला बर्फ तुडवून इथवर आले, गुडघ्यांवर बसले आणि ती तार ओढून काढली.

जोडायला अर्धे मिनिट लागले असते. मी ती हातात घेतली आणि मग होती तशीच लोंबती ठेवली. टोपी घेऊन आत आले. ते खिडकीशी बसलेले.

"जमलं?"

"नाही," मी म्हटले. "हे मला नाही जमत."

"सांगितलं होतं," ते म्हणाले. मग विचारले, तुझ्या लिंत्सहून आगगाडी कितीला सुटते. मी म्हटले मला ठाऊक नाही. म्हणाले, व्हिएन्नाला बदलावी लागत असेल. म्हणाले, वरच्या खोलीतली चूल दोन दिवस आधी पेटवायला हवी, भिंती गार झाल्यात. मी आज सकाळी पेटवली.

डावा दिवा लागत नाही, लुदेक. बाबांनी सांगितले आहे. दुसऱ्या कुणाला जमत नाही. हे पत्र तुला पोचायला सात दिवस लागतील, ते मी एकोणीस एप्रिलमधून वजा केले आहेत. तू वाचशील त्या दिवशीच नीघ.

तुझी आई